नळी नक्की कशाची?

विहिरीत पाण्याचा टिपूस नव्हता, पण तळाच्या मातीला वास येत होता चक्क फटाक्यांच्या दारूचा!

ही विहीर आहे कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर नावाच्या गावात. बेंगळुरूहून वायव्येला सुमारे 385 किलोमीटर. (आपल्या जुन्या अहमदनगरशी हिचा काही संबंध नाही हं.) 2018 च्या जुलै महिन्यात कर्नाटकच्या पुरातत्त्व खात्याची माणसं या पडीक विहिरीत उतरली. पंधराएक जण तीन दिवस खणत होते. आणि मग निघायला लागल्या गंजलेल्या लोखंडी नळ्या. एक, दोन, दहा, शंभर... मोजता मोजता आकडा हजाराच्या पुढे गेला. प्रत्येक नळी साधारण वीतभर लांब, काही थोड्या मोठ्या.

त्याआधी 2002 मध्येही याच गावात एका कोरड्या विहिरीतला गाळ काढताना अशाच दीडशेहून अधिक नळ्या मिळाल्या होत्या. तेव्हा त्या बघून लोक म्हणाले, हे तर जुने तोफगोळे! झालं, तोफगोळे म्हणून त्या ठेवून दिल्या आणि कितीतरी वर्षं त्या तशाच पडून राहिल्या.

तर आता तुम्ही ठरवा. तोफगोळे की आणखी काही?

घाई नको. आधी नगर कुठलं ते बघू. या गावाचं जुनं नाव बिदनूर. केळदीच्या नायकांची ही राजधानी. 1763 मध्ये म्हैसूरच्या हैदर अलीने ती जिंकली. मग इथे किल्ला, टांकसाळ, शस्त्रागार असं सगळं म्हैसूरकरांचं झालं. 1783 मध्ये इंग्रजांनी नगर घेतलं आणि काही महिन्यांतच हैदरचा मुलगा टिपू सुलतान याने ते परत मिळवलं. म्हणजे शस्त्रागार अठराव्या शतकातलं. हे डोक्यात पक्कं धरून ठेवा, कारण आपला पहिला पुरावा हाच आहे.

अठराव्या शतकातला तोफगोळा कसा असायचा? गोल! भरीव असो की आत दारू भरलेला कुलपी गोळा असो, आकार चेंडूसारखाच. त्याचं कारण तोफेच्या नळीत आहे. त्या काळच्या तोफा आतून गुळगुळीत असत. अशा तोफेतून लांबट गोळा उडवला तर तो हवेत कोलांट्या खात कुठेही जाईल. तोफेच्या नळीला आतून पिळदार खाचा पाडल्या, की गोळा स्वतःभोवती गरगर फिरत सरळ जातो, आणि मग कुठे लांबट गोळे वापरता येतात. पण तशा तोफा सैन्यात सर्रास आल्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. तेव्हा टिपू जाऊन पन्नासएक वर्षं झाली होती. मग टिपूच्या काळातल्या विहिरीत लांबट तोफगोळे येणार कुठून?

म्हणजे तोफगोळा बाद.

मग बंदुकीची किंवा तोफेची फुटलेली नळी? तेही नाही. बंदुकीच्या नळीचं एक तोंड सताड उघडं असतं, गोळी बाहेर पडायला. या प्रकारच्या नळ्यांचं एक तोंड पूर्ण बंद आणि दुसऱ्या तोंडावर मधोमध लहानसं भोक. शिवाय आत भुकटी भरलेली. तपासणीत निघालं की तिच्यात सोरा आहे, कोळसा आहे.

सोरा, कोळसा आणि गंधक. तिन्ही एकत्र कुटले की बंदुकीची काळी दारू होते. साधारण तीन हिस्से सोरा आणि उरलेल्या एका हिश्श्यात कोळसा आणि गंधक. जळतो तो कोळसा आणि गंधक, पण जळायला लागणारा ऑक्सिजन पुरवतो सोरा. म्हणून ही दारू चहूबाजूंनी बंद नळीतही भडाभडा जळते, बाहेरची हवा तिला लागतच नाही. एक गंमत बघा. सोरा पाण्यात सहज विरघळतो, कोळसा आणि गंधक विरघळत नाहीत. नगर आहे धो धो पावसाच्या मलनाडात. तिथे दोनशे वर्षांनंतर नळीत सोरा सापडतो म्हणजे त्या नळ्या बनवणाऱ्यांनी तोंडं किती घट्ट बंद केली असतील!

आता जुळवा. एक तोंड बंद, दुसऱ्याला भोक, आत ठासलेली दारू. भोकातून बत्ती दिली की आत वायू तयार होणार, तो एवढ्याशा भोकातून प्रचंड वेगाने मागे सुटणार आणि नळी जाणार पुढे.

बरोबर. बाण! दिवाळीत बाटलीत उभा करून उडवता ना, तोच, फक्त कागदाऐवजी लोखंडाचा आणि खेळण्यासाठी मुळीच नसलेला.

तुमच्यातला एखादा चौकस आता विचारेल, बाण आहे तर त्याची काडी कुठे गेली? शाब्बास. काडी नसलेला बाण कधी उडवून पाहिला आहे का? (पाहू नका!) तो सरळ जात नाही, जमिनीवर नाहीतर बघणाऱ्याच्या अंगावर सुरसुरतो. मागची लांब काडी त्याला दिशा धरायला लावते. टिपूच्या बाणांनाही अशी काडी होती, पण बांबूची आणि चामड्याच्या वादीने आवळून बांधलेली. बांबू कुजतो, चामडं कुजतं. मागे उरते नुसती लोखंडी नळी, आणि नुसती नळी बघितली की माणूस फसतो. नगरच्या त्या बाणांनी तर काड्यांशिवाय वर्षानुवर्षं तोफगोळ्यांचं सोंग घेतलं!

काडीसकट असलेले दोन म्हैसुरी बाण लंडनमधल्या वुलिच इथल्या तोफखान्याच्या संग्रहालयात होते. बेंगळुरूचे प्रसिद्ध विमानशास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी त्यांचा अभ्यास केला आणि 1985 मध्ये म्हैसूर आणि ब्रिटनमधल्या रॉकेटांवर एक सुरेख निबंध लिहिला. एका बाणाची नळी सुमारे 25 सेंटिमीटर लांब आणि 6 सेंटिमीटरला जरा कमी जाड. तिला बांधलं होतं काय, तर जवळजवळ एक मीटर लांबीचं तलवारीचं पातं! दुसऱ्याची नळी 20 सेंटिमीटरची, आणि तिला 1.9 मीटर लांबीचा बांबू, म्हणजे तुमच्या बाबांहूनही बहुधा उंच. पातं लावलेला बाण उडत येऊन पडताना काय करत असेल, ते मला इथे लिहवत नाही.

बाण ही काही टिपूची एकट्याची मक्तेदारी नव्हती. मराठ्यांच्या फौजेत बाणदार होते, मोगलांकडे होते, खुद्द हैदर अलीचे वडील फत्ते महंमद अर्काटच्या नबाबाच्या पदरी पन्नास बाणदारांचे नायक होते. मग म्हैसूरच्या बाणांचंच एवढं कौतुक का? त्या लोखंडामुळे. कागदाच्या किंवा बांबूच्या नळीत दारू फार ठासली तर आतल्या दाबाने नळीच फुटते. म्हैसूरच्या लोहारांनी ठोकून ठोकून मऊ लोखंडाच्या नळ्या केल्या. त्या जास्त दाब सोसत. जास्त दाब म्हणजे वायूचा जास्त वेग आणि बाणाची लांब झेप. किलोमीटरभर अंतर हे बाण कापत आणि काही तर त्याच्याही पुढे जात. टिपूच्या सैन्याच्या नियमांच्या पुस्तकात दर कुशूनमध्ये, म्हणजे पलटणीत, दोनशे बाणदार असावेत असं लिहिलेलं आहे.

हे बाण बनायचे कुठे? चार गावांमध्ये त्यासाठी वेगळ्या पेठा होत्या. श्रीरंगपट्टण, चित्रदुर्ग, आपलं बिदनूर आणि बेंगळुरू! बेंगळुरूच्या जुन्या पेठेत आजही तारामंडलपेट नावाचा भाग आहे. आज तिथल्या गल्ल्यांमध्ये दुकानं, हातगाड्या आणि रिक्षांचे हॉर्न यांच्यामधून वाट काढत चालावं लागतं. टिपूच्या काळात इथे ऐरणीवर लोखंडी नळ्या ठोकण्याचा आवाज दणदणत असणार. ज्या शहरात इस्रोचं मुख्यालय आहे, त्याच शहरात दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी रॉकेटची पेठ होती, हे मला भारी वाटतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट धागा नाही, हे मान्य. तरीही भारी वाटतं.

तारामंडलपेटेपासून चालत जाण्याच्या अंतरावर बेंगळुरूचा किल्ला आहे, कृष्णराजेंद्र मार्केटला अगदी लागून. शहाजीराजांच्या जहागिरीचं हे गाव. त्यांच्या वेळी किल्ला मातीचा होता, हैदरने 1761 मध्ये तो दगडात बांधायला घेतला. आता त्याचा एक तुकडाच शिल्लक आहे. भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसेल. 21 मार्च 1791 रोजी इथल्या खिंडारातून इंग्रज आत घुसले, असं तिच्यावर लिहिलं आहे. 2012 मध्ये मेट्रोचं काम चालू असताना याच मार्केटजवळ जमिनीतून जुन्या तोफाही निघाल्या. म्हणजे बेंगळुरूच्या पोटात अजून काय काय दडलंय, कोण जाणे.

पण एक इशारा. बेंगळुरूत जुनी नळी सापडली की लगेच बाण म्हणून नाचायचं नाही! 1912 मध्ये मॅक्लिंटॉक नावाच्या कॅप्टनने इथेच, मद्रास सॅपर्स अँड मायनर्सच्या तळावर, एक भलतीच नळी तयार केली. लांब पाइपात स्फोटकं भरायची, पाइप काटेरी तारांच्या कुंपणाखाली सरकवायचा आणि उडवून द्यायचा. जगभरचे सैनिक तिला 'बँगलोर टॉर्पेडो' म्हणून ओळखतात. तीही नळी, तीही दारू भरलेली, तीही बेंगळुरूची. मग फरक कसा ओळखाल? टॉर्पेडोला वायू मागे सोडायचं भोक नसतं, त्याला उडायचंच नसतं. शिवाय नंतरच्या टॉर्पेडोचे पाच-पाच फुटी तुकडे एकमेकांना जोडता येत. वीतभर नळी आणि पाच फुटी पाइप यांच्यात गोंधळ व्हायला नको.

1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू मारला गेला. इंग्रजांना तिथे तयार असे 700 बाण मिळाले आणि 9,000 रिकाम्या नळ्या. काही बाण बोटीतून वुलिचला गेले. तिथे विल्यम काँग्रीव्ह नावाच्या एका इंग्रजाने असल्या बाणांवर प्रयोग करून इंग्रजी रॉकेट बनवलं. 1807 मध्ये त्या रॉकेटने कोपनहेगन जाळलं आणि 1814 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरजवळच्या मॅकहेन्री किल्ल्यावर ते बरसलं. त्या रात्रीवर एका वकिलाने कविता केली. तीच पुढे अमेरिकेचं राष्ट्रगीत झाली आणि त्यात रॉकेटं अजूनही लाल चमकतात.

आता अमेरिकेला पोचलोच आहोत, तर नळ्या ओळखण्याचा सगळ्यात देखणा खेळ बघूनच जाऊ. इथली नळी मात्र करंगळीएवढी आहे. काडतुसाची पुंगळी.

काडतुसात चार गोष्टी असतात. धातूची पुंगळी, तिच्या तोंडात बसवलेली गोळी, आत दारू आणि बुडाशी ठिणगी पाडणारा मसाला. चाप ओढला की बंदुकीतली एक बोथट सुई बुडावर ठोका मारते, मसाला पेटतो, दारू जळते, गोळी जाते. पुंगळी मागे राहते आणि बंदूकवाला ती तिथेच टाकून पुढे जातो. टाकताना त्याला वाटतं, कचरा टाकला. पण त्या पुंगळीच्या बुडावर त्याच्या बंदुकीच्या सुईची खूण उमटलेली असते, आणि एका बंदुकीची खूण दुसरीसारखी हुबेहूब नसते.

अमेरिकेत मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न नावाची नदी आहे. तिच्या काठी 25 जून 1876 रोजी लाकोटा आणि शायेन या तिथल्या मूळ रहिवाशांनी अमेरिकी सैन्यातला लेफ्टनंट कर्नल कस्टर आणि त्याच्या घोडदळाच्या पाच तुकड्यांचा पाडाव केला. कस्टरच्या त्या तुकड्यांतला सांगायला कुणी उरला नाही. लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी हकिकती सांगितल्या, पण गोऱ्या लोकांनी त्या फारशा कानावर घेतल्या नाहीत. शंभर वर्षं नुसते तर्क चालले. मग 1983 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या गवताला आग लागली आणि सगळी टेकडी उघडी पडली. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स हे दोन पुरातत्त्वज्ञ धातुशोधक यंत्रं आणि स्वयंसेवकांची फौज घेऊन तिथे उतरले. यंत्र कुईं करेल तिथे एक छोटं निशाण रोवायचं. मग उकरायचं, जागा मोजायची, पुंगळी पिशवीत घालायची.

सैनिकांच्या पुंगळ्या लगेच ओळखू आल्या. त्यांच्याकडे सरकारी स्प्रिंगफील्ड बंदुका होत्या, .45 मापाच्या, तांब्याच्या पुंगळीच्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या. योद्ध्यांकडे मात्र चाळिसाहून जास्त प्रकारच्या बंदुका होत्या, जुन्यापासून अगदी नव्यापर्यंत. त्यातली एक हेन्री. तिची पुंगळी हातात घेतली की ओळख पटलीच, कारण बुडाच्या कडेला समोरासमोर दोन खळग्या! हेन्रीच्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या काठात भरलेला असे. तो एखाद्या बाजूला कमी भरला गेला तर काडतूस फुसकं निघायचं, म्हणून बंदूक बनवणाऱ्यांनी सुईला दोन टोकं दिली. एक चुकलं तर दुसरं पेटवेल. या हेन्रीत एका वेळी सोळा काडतुसं भरता येत. तेवढ्या वेळात स्प्रिंगफील्डवाला बिचारा पुन्हापुन्हा एकेक काडतूस घालत बसणार.

मग सूक्ष्मदर्शकाखाली खुणा जुळवल्या. इथे सापडलेली पुंगळी आणि तिकडे दूर उतारावर सापडलेली पुंगळी एकाच बंदुकीची निघाली, तर ती बंदूक इकडून तिकडे गेली! अशा खुणा जोडत जोडत कोण कुठून कुठे सरकलं याचा नकाशा तयार झाला. नाव माहीत नसलेल्या माणसाची चाल शंभर वर्षांनी कळली. आणि एक जुनी समजूतही गळून पडली. सैनिक हरले ते तांब्याच्या पुंगळ्या तापून बंदुकीत अडकल्यामुळे, असं लोक सांगत. अडकलेली पुंगळी चाकूने उचकटावी लागते, आणि उचकटली की ओरखडे राहतात. तसे ओरखडे अगदी थोड्याच पुंगळ्यांवर मिळाले. दोष पुंगळ्यांवर ढकलायची सोयच राहिली नाही.

पुंगळीच्या बुडावर खळगीशिवाय आणखी एक गोष्ट असते, कारखान्याचा छाप. आणि इथे कॉलर ताठ करायची पाळी पुण्याच्या मुलांची! खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 मध्ये सुरू झाला. तिथल्या काडतुसांच्या बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात. के म्हणजे खडकी, कारण इंग्रज तिला किर्की म्हणत, आणि एफ म्हणजे फॅक्टरी. दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिकांच्या हातात .303 बंदूक होती. तिची पितळी पुंगळी ओळखायला सोपी. लांबी 56 मिलिमीटर, खांद्यापाशी निमुळती झालेली, बुडाला बाहेर आलेली कड. पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही आणि लोखंडासारखं गंजतही नाही, नुसतं काळवंडतं, हिरवं पडतं. म्हणून अक्षरं ऐंशी-शंभर वर्षांनीही वाचता येतात.

वाचायची, पण दुरून! जमिनीत सापडलेलं काडतूस, गोळा, नळी, काहीही असो, हात लावायचा नाही. उचलायचं नाही, घासायचं नाही, आपटून तर मुळीच बघायचं नाही. जागा लक्षात ठेवायची आणि मोठ्यांना सांगून पोलिसांना कळवायचं. दारू म्हातारी झाली म्हणजे मेली असं नसतं. शिवाय उचललेल्या पुंगळीची जागा हरवते, आणि जागा हरवली की तिची अर्धी गोष्ट गेली. संग्रहालयात मात्र खुशाल काचेला नाक लावून बघा. नगरचे बाण शिवमोग्ग्याच्या शिवप्पा नायक राजवाड्यातल्या संग्रहालयात आहेत. तिथे नळीचं भोकाचं तोंड कुठलं आणि बंद तोंड कुठलं, ते शोधायचं.

आता दोन कोडी.

पहिलं. पितळी पुंगळी, 56 मिलिमीटर लांब, तोंड रिकामं. बुडावर के, एफ, त्यापुढे 41, त्यापुढे रोमन लिपीत सात. बुडाच्या मधोमध असलेल्या मसाल्याच्या टिकलीवर एकच खळगी. कारखाना, साल आणि बंदूक सांगा. रोमन सातचं मी सांगून टाकतो, तो काडतुसाचा नमुना क्रमांक, सातवा.

दुसरं जरा अवघड. तशीच पुंगळी, तोच छाप, टिकलीवर तशीच एक खळगी. पण हिच्या तोंडात गोळी अजून जागच्या जागी बसलेली आहे. सुईने ठोका मारला होता, तरी गोळी गेली नाही. मग आत काय शिल्लक असेल? आणि तुम्ही तिच्यापासून किती लांब उभे राहाल?

उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा. पुंगळ्या पाठवू नका!